डावखुऱ्या हाताचं घड्याळ

अंबरनाथ पूर्व
रविवार, ११ जानेवारी २०२६

सुयोग,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडून टाकलं. ज्या भावाशी सात वर्षं एक अक्षर बोलले नाही त्याला एकदम आशीर्वाद द्यायला मी काही देवी नव्हे. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तेव्हा हे पत्र टपालात पडेल असंही नाही. तरी लिहायला बसले, कारण काल जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाहीये. तुझ्या भावोजींना सांगून उपयोग नाही. दिनानाथरावांच्या मते घड्याळ वेळ बघण्यासाठी असतं आणि वेळ मोबाइलमध्ये दिसते, विषय संपला.

उल्हासनगरला समीर लुल्ला म्हणून एक कारखानदार आहेत. जीन्स शिवतात. रिटायर झाल्यापासून त्यांच्या पँटींची पितळी बटणं मी तपासून देते. हस, हस. एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेली बाई आता बटणं बघते. पण हजारात आठ बटणं वाकडी असतात आणि ती आठ मलाच दिसतात, म्हणून मला रिक्षा पाठवून बोलावून नेतात.

तर काल बटणं राहिली बाजूला. समीरभाईंनी कटिंगच्या टेबलावर मखमलीचा तुकडा पसरला आणि दोन घड्याळं ठेवली.

"मॅडम, ये दोनों एकेकट्या माणसाने घरी बसून बनवलेत. कंपनीचा माल नाय. इंटिग्रेटेड ब्रेसलेट बोलतात याला. पट्टा अलग जोडलेला नाय, केसमधूनच, मतलब घड्याळाच्या डबीतूनच निघतो. दोघांनी बघायला पाठवलेत. मी एक ठेवणार, एक वापस. दोन्ही बघून माझं तो डोकं बंद झालंय. आता आप बोलो."

काचेवर आणि पाठीवर जिथे नाव असतं तिथे त्यांनी कागदाची टेप लावली होती. "नाव बघितलं की दिमाग फिरतो," म्हणाले. शहाणा माणूस आहे.

पहिलं उचललं. वा, म्हटलं मनात. मग दुसरं उचललं आणि सवयीने पालथं केलं, कारण लोक वरची बाजू सजवतात आणि खरं काम खाली कळतं. कड्यांच्या पोटाला मॅट केलं होतं, हाताने, पॉलिश पेपर ओढून. त्या बारीक रेघा सरळ नव्हत्या. डावीकडे कलल्या होत्या. उजव्या हाताने ओढलं तर उजवीकडे कलतात. एकतीस वर्षांत अशा उलट्या रेघा मी एकाच माणसाच्या कामात पाहिल्या आहेत, आणि त्या माणसाच्या शाळेच्या वह्यांना मी कव्हरं घातली होती, डाव्या हाताने ओळ लिहून झाली की तळहाताने पुसली जायची त्या वह्यांना.

मी स्टुलावर बसले. समीरभाई म्हणाले, "क्या हुआ मॅडम, शुगर?" मी हो म्हटलं.

आमच्या खात्यात नियम होता, नातेवाइकाचा माल स्वतः तपासायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की हा माझ्या भावाचा हात आहे. नाही सांगितलं. म्हटलं, चार दिवस द्या, दोन्ही कडी-कडीने बघते. त्यांनी आपली केबिन दिली, खिडकीजवळची.

तू कुठे आहेस, कसा आहेस, मला काही ठाऊक नाही. शेवटचं आठवतं ते २०१८ची भाऊबीज. मी ओवाळलं आणि तू तबकात ओवाळणी म्हणून घड्याळ ठेवलंस. बदलापूरच्या त्या एका खोलीत दोन वर्षं खपून केलेलं तुझं पहिलं घड्याळ. घर माणसांनी भरलेलं होतं. भावोजींच्या ऑफिसातले विनीत कुलकर्णी होते, ज्यांनी तुझ्याकडे तीन घड्याळं सांगितली होती. आणि मी काय केलं? भिंग काढलं. दुसऱ्या कडीवर जोडरेघ दिसली. दोन समांतर चरे, मधे केसाएवढी फट. पर्समधलं लाल मार्कर काढून रिजेक्टचा ठिपका ठेवला, जसा रोज शंभर नगांवर ठेवायचे तसा. सगळे हसले. तू घड्याळ खिशात टाकलंस आणि न जेवता गेलास. विनीतनी तिसऱ्या दिवशी तिन्ही घड्याळं नको म्हणून कळवलं. "सख्ख्या बहिणीनेच नापास केलं," असं ते चारचौघांत बोलले. महिन्याभरात तुझ्या खोलीला कुलूप.

मी चुकले असेन माणूस म्हणून. पण रेघ होती, सुयोग. नसलेली रेघ मी दाखवली नाही. एवढं तरी तू मान्य करशील.

माधवीताई


अंबरनाथ पूर्व
बुधवार, १४ जानेवारी

सुयोग,

आज गोड बोलायचा दिवस, त्यामुळे गोडच बोलते. नाहीतरी दुसरं काही सुचत नाहीये.

तीन दिवस सकाळी दहा ते एक मी त्या केबिनमध्ये बसते. समोर दोन घड्याळं, वर दहापट भिंग. काय बघितलंय मी! कसं सांगू तुला, तू तर केलंयस.

जे पहिलं उचललं होतं ते फिनलंडचं, त्यापासून सुरुवात करते. ते एका बाईने केलंय, एवढं समीरभाई बोलून गेले. एकटी राहते, वर्षाला चार करते. तिचा पट्टा केसपाशी रुंद निघतो आणि कडीगणिक अरुंद होत जातो. मी मायक्रोमीटर लावला. प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा तेवढ्याच अंतराने कमी. बावीस कड्या, आणि एकदाही हात चुकला नाही. आमच्या कारखान्यात सव्वा कोटीच्या मशीनला मी हे सांगितलं असतं तर तीन दिवस सेटिंग चाललं असतं.

आणि तुझं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते हातातून ओघळलं. स्टील आहे ना ते? पैठणीचा पदर हातावर सोडावा तसं खाली आलं. मग कळलं, तू प्रत्येक कडीच्या पोटाला बारीकशी गोलाई दिलीयस. घालणाऱ्याला कधी दिसणार नाही, फक्त हातावरचे केस ओढले जाणार नाहीत आणि घाम साठणार नाही. फिनलंडच्या बाईला घाम ठाऊक नाही. तुझा जन्म इथला, मे महिन्यात लोखंडी कपाटालासुद्धा घाम फुटतो तिथला. त्या गोलाईत मला बदलापूर दिसलं.

मग आतले कोपरे. कडीला मधे खाच आहे आणि खाचेचा आतला कोपरा चकचकीत, धारदार, एका रेषेत मिळालेला. गोल फिरणारं कुठलंही हत्यार तिथे शिरत नाही. तो फक्त कानशीने आणि लाकडाच्या काडीने होतो, श्वास रोखून. एका पट्ट्याला असे चव्वेचाळीस. मी कोपरा बघायचे, डोळा मिटायचे, पुढचा बघायचे. विसाव्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग धुकटलं. चहा आणणारी बाई म्हणाली, "ताई, डोले दुकतान का?" म्हटलं, नाही गं, डोळे आत्ताच उघडलेत.

मला सगळ्यात थक्क कशाने केलं सांगू? फिनलंडच्या बाईनेही तोच आतला कोपरा तसाच केलाय. तू तिला ओळखत नाहीस, ती तुला ओळखत नाही. जगाच्या दोन टोकांना दोन माणसं, जो कोपरा कुणी बघणार नाही त्याच्यापाशी रात्रंदिवस वाकून बसलीयत. देव आहे की नाही यावर मी भावोजींशी तीस वर्षं भांडतेय. परवापासून भांडण बंद.

दोन्ही घड्याळांत मला एकही दोष सापडला नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.

ताई


अंबरनाथ पूर्व
सोमवार, १९ जानेवारी

सुयोग,

आज समीरभाईंनी तुला फोन केला होता, पट्ट्याच्या जादा कडीबद्दल विचारायला. माझ्यासमोरच केला. म्हणजे तुझा आवाज चार हातांवर होता आणि मी बटणांच्या पुड्यात तोंड घालून बसले होते. समीरभाई तुला सांगत होते, "एक मॅडम आहेत अंबरनाथच्या, रिटायर क्वालिटीवाल्या, त्या चेक करतायत. एकदम कडक बाई." मग ते तुझं ऐकत राहिले. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"मॅडम, तो घड्याळवाला अजीब आदमी आहे. बाकी काही नाय विचारलं. फक्त विचारतो, बघणाऱ्या बाईंनी हातातल्या बांगड्या काढल्या होत्या का?"

मी हात टेबलाखाली घेतले. ते रिकामेच होते. तुझं घड्याळ बघायच्या आधी मी रोज सकाळी बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवते. सात वर्षांपूर्वी ठेवल्या नव्हत्या.

म्हणजे तुला ठाऊक होतं. त्याच दिवशी ठाऊक होतं. अर्थात. जो माणूस दिसत नसलेला कोपरा घासतो त्याला आपल्या कडीवरची रेघ कुठून आली हे कळणार नाही?

आता ऐक. आमच्या खात्याच्या दारात प्लास्टिकची टोपली असायची. तपासणीला बसायच्या आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, सगळं त्यात. नियम मीच केला होता. नाकातली चमकी काढली नाही म्हणून एका नव्या मुलीला मी रडेस्तोवर बोलले होते. आणि भाऊबीजेला मी नटले होते. नव्या खड्यांच्या बांगड्या, अमेरिकन डायमंडच्या. तू तबकात घड्याळ ठेवलंस आणि मी आनंदाने झडप घालून उचललं. आनंदाने, सुयोग. तपासायला नाही. तपासणं नंतर आलं, सवयीने.

तिसऱ्या दिवशी बांगडी काढताना एक खडा बोटाला टोचला. खडा आणि त्याला धरणारा दाता, दोन्ही वर आलेले. मी ती बांगडी कारखान्यात नेली, स्टीलच्या तुकड्यावर ओढली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. दोन समांतर चरे, मधे केसाएवढी फट.

विनीतनी तुझी घड्याळं नाकारली तो हाच दिवस. मी सकाळी हे पाहिलं, त्यांनी दुपारी कळवलं. एक फोन करायचा होता मला. केला नाही. आधी म्हटलं, सुयोगचा राग निवळू दे. मग म्हटलं, आता सांगून काय होणार. खरं कारण वेगळं आहे. एकतीस वर्षांत माझा एकही रिपोर्ट मागे घेतला गेला नव्हता. त्या अभिमानापायी मी तुझं दुकान बंद होऊ दिलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की रेघ होती. होती. मीच काढली होती.

ताई


अंबरनाथ पूर्व
शुक्रवार, २३ जानेवारी

सुयोग,

समीरभाईंकडून पत्ता घेतला. होसूर! तमिळनाडूत जाऊन बसलास, मला वाटत होतं पुण्यात असशील. ही चारही पत्रं एकत्र पाठवतेय, वर माझा नंबर लिहिलाय.

पत्ता मागताना त्यांना सगळं सांगितलं. घड्याळवाला माझा धाकटा भाऊ आहे, मी हे लपवायला नको होतं, माझा रिपोर्ट तुम्ही धरू नका, दुसरा कुणीतरी बघा. ते म्हणाले, "मॅडम, दुसरा कोण? पुरा उल्हासनगरमध्ये बांगडी उतरवून घड्याळ बघणारी एकच बाई आहे." आणि वर म्हणाले, रिपोर्ट तुम्हीच द्यायचा, आता तर तुम्हीच.

काल शहाडला विनीत कुलकर्णींकडे गेले. तेही आता घरीच असतात. बायकोने पोहे केले, मी म्हटलं आधी ऐका. उभ्या उभ्या सांगितलं की २०१८ साली माझ्या भावाच्या घड्याळावर मी जो दोष दाखवला तो माझ्या बांगडीने केलेला होता, आणि हे मला तुम्ही नकार कळवलात त्याच सकाळी माहीत होतं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी, किती जुनी गोष्ट." मी म्हटलं, जाऊ देणार नाही, तुम्ही चारचौघांत बोलला होतात, आता हेही चारचौघांत बोला. त्यांच्या बायकोला माझी भीती वाटली असावी. पोहे मात्र छान होते.

दिनानाथरावांना मी अगदी शेवटी सांगितलं. त्यांना अंदाज होता म्हणे. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, "तू विचारशील तेव्हा सांगणार होतो. तू कुणाला काही विचारतेस का?" दोन तास मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. मग त्यांनीच चहा केला.

तू उत्तर द्यावंस म्हणून हे पाठवत नाहीये. चुकीचा रिपोर्ट मागे घेतला की तो ज्याच्या नावाचा त्याला कळवावा लागतो. मी चुकले. मला माफ कर, जमलं तर.

ताई


अंबरनाथ पूर्व
रविवार, १ फेब्रुवारी

चि. सुयोग,

काल तुझा मेसेज आला. सात वर्षांनी तुझे सहा शब्द. 'ताई, दोन्हीतलं कुठलं चांगलं? खरं लिही.'

मी तो मेसेज भावोजींना वाचून दाखवला, वेणूबाई भांडी घासायला आली तिला दाखवला, मग देवासमोर फोन ठेवला. आणि मग घाबरले. कारण खरं लिहायचं म्हणजे मला आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे.

संक्रांतीच्या पत्रात मी लिहिलं, दोन्हींत एकही दोष नाही. खोटं लिहिलं. तुझ्यात एक आहे. बकलाकडून चौथी कडी, तिचा आतला कोपरा, बारा वाजल्याच्या बाजूचा. वर चकचकीत पट्टी चाललीय ती कोपऱ्यात शिरताना केसभर निमुळती झालीय. समोरून दिसत नाही. सकाळी अकराच्या उन्हात घड्याळ तिरपं धरलं तर दिसते. मी पहिल्याच दिवशी पाहिली. हात मोकळे होते. तीनदा पाहिली, मग तीन दिवस रोज पाहिली. तिथे तुझा हात दमला होता, किंवा मधे कुणीतरी बेल वाजवली असेल. बाईच्या चव्वेचाळीस कोपऱ्यांत असा एकही नाही.

मी ते लिहिलं नाही, कारण पुन्हा तुझ्यावर ठिपका ठेवायचा मला धीर झाला नाही. सात वर्षांपूर्वी नसलेला दोष मी तुझ्या माथी मारला आणि आता असलेला झाकला. दोन्ही वेळा मी घड्याळाकडे बघत नव्हते, स्वतःकडे बघत होते. हे कळायला मला बासष्टावं वर्ष लागलं.

तेव्हा आता उत्तर. दोन्ही घड्याळं मी माझ्या मनगटावर दोन-दोन दिवस घातली. फिनलंडचं दिवसाला एक सेकंद पुढे जातं, तुझं चार. तिच्या बकलात बोटाने पट्टा सैल करायची सोय आहे, दुपारी हात सुजला की फार बरं वाटतं. तुझ्यात नाही, आणि घाम ओळखणाऱ्या माणसाने ती सोय ठेवली नाही याचं मला नवल वाटतं. तुझा पट्टा तिच्यापेक्षा मऊ आहे, याबाबत शंकाच नाही. तासाभराने घातलाय हेच विसरायला होतं. तिचं मनगटावर असतं, तुझं मनगटाचं होतं. असा पट्टा मी पुन्हा बघेन असं मला वाटत नाही. पण घड्याळ म्हणजे नुसता पट्टा नव्हे, आणि चौथ्या कडीचा कोपरा आहे तो आहे.

फिनलंडचं चांगलं. केसभर, पण चांगलं. तुझं दुसरं आलं.

समीरभाईंना मी काल संध्याकाळी जाऊन हेच लेखी दिलं. तुझ्या पट्ट्याचं कौतुक पान भरून लिहिलं आणि शेवटी निकाल लिहिला. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, भाऊ आहे ना तुमचा?" म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी फिनलंडचं ठेवलं. तुझं उद्या कुरियरने निघेल.

हे मी केलं, सुयोग. दुसऱ्यांदा. आता तू आणखी सात वर्षं बोलला नाहीस तरी मला तक्रार करायचं तोंड नाही. फक्त एवढं वाच. मी आयुष्यात लाखो नग हाताळले. त्यांतला एकही हातात घेऊन रडले नव्हते. तुझ्यासारखं काम करणारा माणूस माझ्या घरात जन्मला, माझ्या समोरच्या पाटावर जेवला, आणि मी त्याला ओळखलं नाही.

तुझी
ताई

ता. क. पाकीट चिकटवत होते आणि तुझा फोन आला. आता तू म्हणशील, बोललो ना सगळं, पत्र कशाला. तरी टाकतेच, रिपोर्ट लेखी असावा. भावोजी विचारत होते, काय म्हणाला? त्यांना सांगताना मला धड बोलता येईना, म्हणून इथे लिहिते. समीरभाईंनी तुला माझा रिपोर्ट आधीच वाचून दाखवला होता, आणि तू ना स्वतः कसा आहेस ते सांगितलंस, ना मी कशी आहे विचारलंस. एकदम म्हणालास, "चौथी कडी? बारा वाजल्याच्या बाजूचा कोपरा?" मी म्हटलं, हो. मग तू म्हणालास, "मला दिसला नव्हता गं, ताई."